मेहुणीचा पत्ता

बायको बावीस वर्षं खडी फोडायच्या कारखान्यात कामाला होती. धुळीने आधी तिची छाती गेली, मग तीही गेली. आमच्या गल्लीतली ती सातवी. गावात छातीचा डॉक्टर द्या, असा अर्ज घेऊन मी आरोग्य कार्यालयात गेलो.

साहेबांनी भिंतीवरचा नकाशा दाखवला. कुठल्या भागात माणसं कशाने मरतात, ते त्यावर रंगवलं होतं. छातीच्या आजाराचा रंग लाल. शहर लालभडक होतं, आमचं गाव कोरं.

"काका, तुमच्याकडे छातीच्या दुखण्याने कुणीच गेलेलं नाही."

"मग माझी बायको काय हसून हसून मेली?"

त्यांनी तिचं नाव शोधलं. ती शहरात, माझ्या मेहुणीच्या घरी सापडली. गल्लीतले बाकीचे सहाही तिथेच होते. शहरातल्या दवाखान्यात बाहेरच्यांचा नंबर दोन महिन्यांनी लागतो, म्हणून आम्ही सगळेच फॉर्मवर मेहुणीचा पत्ता लिहितो.

"पुढच्या वेळी खरा पत्ता लिहा," साहेब म्हणाले.

लेक आता आईच्या जागी कामाला जाते. आज सकाळी तिच्या खोकल्यात रक्त दिसलं.


फॉर्मवर मी मेहुणीचाच पत्ता लिहिला.