नदीकाठची पहिली रांग

डेलियाच्या गाडीमागे चौथी रांग लागली आणि निघायची शेवटची फट बुजली. पुढे नदी, मागे गाड्याच गाड्या, आणि शेजारी दाराला दार लावून नवऱ्याचा, हॉलिसचा, पिकअप ट्रक. कोंबडी खुराड्यात घालतात, तशी ती गाडी घातली होती.

सकाळी सासूनेच फर्मान काढलं होतं. "घरच्या गाड्या पुढे, पाण्याला लागून. गिऱ्हाइकं मागे. ती आधी जातील, आपल्याला कुठं जायचंय?" हॉलिस ट्रकवरून कुरकुरला. म्हातारीने नुसतं बघितलं. त्याने ट्रक पुढे नेऊन लावला. बायकोसमोर वाघ असलेला हा गडी आईपुढे अजून मान खाली घालायचा.

पलीकडच्या काठावरून अंतराळयान उडायचं त्या दिवशी नदीकाठची सगळी घरं अंगणं भाड्याने देत. सासूचं, लुवेनियाचं, अंगण सगळ्यांत ऐसपैस. आज कुठल्याशा धनिकाचं खाजगी यान होतं. पैसे भरून चार हौशी माणसं आभाळात जाणार, आणि त्यांना बघायला निम्मा मुलूख खाली जमलेला.

डेलियाची सगळी भिस्त याच गर्दीवर होती. हॉलिस रोज घरी आला की तिच्या गाडीचा काटा बघायचा, किती मैल फिरली ते. मागल्या महिन्यात काटा थोडा पुढे सरकलेला निघाला. तेव्हापासून तिचा डावा हात खांद्याच्या वर जात नव्हता. आज तो फाटकात गाड्या घेत उभा राहणार, आणि एवढ्या गर्दीत एक गाडी कमी झाली तर कुणाला कळतंय? तिने बॅगही भरून ठेवली होती, डिकीत, जादा चाकाखाली.

तिने हळूच डिकी उघडली. चाक होतं. बॅग नव्हती.

"काय हुडकतेस गं?" म्हातारीचा आवाज पाठीत आला. ती अंगणात मोठ्या पातेल्यात मिठाच्या शेंगा उकडत होती. "सकाळी बूट घाल म्हटलं तर वहाणाच अडकवल्यास. जा, घालून ये. आणि इकडे ये शेंगा ढवळायला. हात रिकामे ठेवले की डोकं नको तिकडे धावतं."

म्हातारीला कळलंय. डेलियाने डिकी लावली. ती बूट घालून आली आणि तिने डाव हातात घेतला.

"डेलिया!" फाटकातून हॉलिस ओरडला. "तिथंच उभी राहा. मला दिसशील अशी!"

"दिसतेय रे," म्हातारीने परस्पर उत्तर दिलं. "माझ्या नजरेखाली आहे. तू तुझं फाटक सांभाळ!"

कुणाच्या तरी रेडिओवर सांगितलं, वरच्या हवेत वारा आहे, उड्डाणाची उलटी मोजणी थांबवली आहे. डेलियाच्या जिवात जीव आला. रद्द झालं तर गाड्या निघतील, वाट मोकळी होईल. तिने मनातल्या मनात देवाला हात जोडले.

"रद्दबिद्द काही होत नाही," सासू म्हणाली, जसं काही तिने ऐकलंच. "उडायलाच पाहिजे आज."

नव्या कोऱ्या टोपीतला एक पाहुणा शेंगा घ्यायला आला. "आजी, इथून नीट दिसेल ना?"

"न दिसायला काय झालं? मान वर ठेवा. खाली काय, चिखल आणि माझं तोंड. त्यात बघण्यासारखं काही नाही."

मोजणी पुन्हा सुरू झाली. अंगणातली सगळी तोंडं वर झाली, फाटकातलंसुद्धा. पलीकडच्या काठावर जाळ उठला आणि आवाज न करता वर चढू लागला. पाहुण्यांनी टाळ्या पिटल्या. बाहेरगावची माणसं, त्यांना वाटतं, झालं एवढंच.

म्हातारीने डेलियाचं मनगट पकडलं. पकड कसली, चिमटाच. तिने तिला ओढत गाड्यांच्या पुढून पाण्यापाशी नेलं, धक्क्यावर. तिथे लुवेनियाची मासे धरायची होडी होती. ताडपत्रीखालून बॅगेचा कोपरा डोकावत होता.

"बैस."

"मिस लुवेनिया..."

"बैस आधी. आवाज अजून पोचायचाय. तो आला की मोटर ओढ, उजव्या हाताने. उन्हाळाभर तुला मासे धरायला नेत होते, ती काय मला सोबत लागते म्हणून? नदीत बघ्यांच्या होड्या आहेत, त्यांच्यात शिर. खालच्या पुलाच्या धक्क्यावर तुझी बहीण येतेय. मी सांगितलंय तिला."

"पण तो तुमचा मुलगा आहे."

"कुणाचा आहे ते मला नको सांगूस," म्हातारीने दोर सोडला. "मीच जन्माला घातलाय त्याला."

मग गडगडाट आला. खिडक्या थरथरल्या, पाण्यावर काटा आला. डेलियाने दोरी ओढली. मोटर सुरू झाली की नाही, ते तिलाही ऐकू आलं नाही. होडी हलली तेव्हा कळलं.

खूप आत गेल्यावर तिने वळून पाहिलं. आभाळात नुसती धुराची रेघ उरली होती. हॉलिस रांगा तुडवत ट्रककडे धावत होता. तो आत बसला. हॉर्न वाजवू लागला. पुढे पाणी होतं. मागे चार रांगा होत्या. आणि त्या रांगांमधून, हातात वाफाळत्या शेंगांची टोपली घेऊन, म्हातारी खिडकीखिडकीशी थांबत होती. पाण्यावरून तिचा आवाज स्वच्छ आला.

"निघायची कसली घाई? पूल तुंबलाय. शेंगा खा, बसा निवांत!"