कालबाह्य ओळ

"ताई, सेटिंगमधली ही ओळ नव्या आवृत्तीला चालत नाही," कामातली जोडीदारीण म्हणाली. "कालबाह्य पर्याय म्हणतंय. ठेवली तर सर्व्हर सुरूच होणार नाही."

सुट्टीची सकाळ होती. मेल सर्व्हर अपग्रेड करायला ऑफिसात दोघीच आल्या होत्या. ताईने चष्मा सारखा करून पडद्यावर पाहिलं. ओळ तिच्याच हातची, पाच वर्षांपूर्वीची. तेव्हा फालतू मेलनी नुसता उच्छाद मांडला होता आणि त्यातल्या बहुतेकांना विषयच नसायचा. तिने एका ओळीत निकाल लावला: विषय कोरा असेल तर मेल टाकून दे, पाठवणाऱ्याला कळवू नको.

"काय शांतता झाली होती तेव्हा!" ती म्हणाली.

बाबांशी बिनसलं तेही त्याच सुमारास. तिने ठरवलेलं लग्न त्यांना पसंत नव्हतं. "यापुढे माझ्याजवळ कुठलाही विषय काढायचा नाही," असं दारातच बजावून ती निघाली होती. राग ओसरल्यावर तिने मावशीकरवी ऑफिसचा मेलचा पत्ता पाठवला. पहिला शब्द त्यांनी टाकावा, एवढाच हट्ट. बापही हट्टी आणि लेक त्याहून. रोज सकाळी ती आधी मेल उघडायची, आणि रोज तिचा जीव थोडा थोडा तुटायचा.

गेल्या महिन्यात बाबा गेले. ती पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं.

"पाच वर्षांत एक ओळ नाही लिहिली गं त्यांनी," ती फोनवर मावशीजवळ रडली होती. मावशी काहीतरी सांगू पाहत होती, पण हिने फोनच ठेवून दिला.

"काढू ना ओळ?" जोडीदारणीने विचारलं. "की आधी या ओळीने काय काय टाकून दिलं ते बघायचं? मजकूर गेला, पण तारीख, पत्ता अशा नोंदी आहेत."

"कचरा तो. त्यात काय बघायचं?"

"नियम तुमचाच आहे, ताई. नोंदी बघितल्याशिवाय काही काढायचं नाही."

ताई हसली. "दाखव, बाई."

यादी सरकू लागली. बक्षिसं, गोळ्या, केस उगवायची तेलं. मग एक ओळखीचा पत्ता आला. थोडं खाली पुन्हा तोच, आणि पुन्हा. दर रविवारी एक, पार गेल्या महिन्यापर्यंत. बाबांचा पत्ता, आणि त्यापुढे विषयाची जागा, तिने बजावलं होतं तशी, कोरी.