चार मिनिटं

अख्ख्या शहराला दोन रुग्णवाहिका. तिसरीसाठी नगरपालिकेने राज्य सरकारकडे निधी मागितला, तर उत्तर आलं, "तुमची गाडी चार मिनिटांत पोचते. मग तिसरी कशाला?"

हे आकडे रुग्णवाहिकांच्या नियंत्रण कक्षातल्या ताईंनीच भरलेले. वेळ फोन आल्यापासून नाही, गाडी सुटल्यापासून मोजायचा, म्हणजे वरिष्ठांची बोलणी खावी लागत नाहीत, हे प्रत्येक नव्या माणसाला त्याच शिकवायच्या.

आज ताईंची सुट्टी. भाजी निवडता निवडता त्यांची आई खुर्चीतच कलंडली. ताईंनी आपल्याच कक्षाला फोन लावला.

"ताई, दोन्ही गाड्या बाहेर आहेत हो. एक मोकळी झाली की लगेच पाठवते."

"अगं, तिचे ओठ निळे पडायला लागलेत गं."

आईचे गार तळवे चोळत ताई दाराकडे बघत राहिल्या. "आलीच हं गाडी, आई," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. घड्याळाकडे बघायची हिंमत होईना.

गाडी आली चाळीस मिनिटांनी. आईला आत घेतल्यावर चालकाने सहीसाठी कागद पुढे केला आणि हलकेच म्हणाला,



"काळजी करू नका ताई, तुम्ही शिकवलंत तसं चारच मिनिटं लिहिलीत."