दाढ कोरडी हवी

चहाला उकळी येईल एवढा वेळ माणसाने गप्प बसावं, तर आजोबांना तेवढंही जमत नव्हतं.

नात दातांच्या डॉक्टरांकडे खुर्चीत आ वासून पडली होती. तिची नवी दाढ नुकतीच पुरती वर आली होती. तिच्या खाचांत कीड शिरायच्या आत त्या बुजवून घ्यायच्या होत्या. टोचणं नाही, कोरणं नाही. पातळ लेप लावायचा आणि निळ्या दिव्याने तो कडक करायचा. अट एकच, तोवर दाढ कोरडी राहिली पाहिजे. थुंकी लागली की केलेलं सगळं पाण्यात.

थोरल्या नातवाच्या वेळी घरातले सगळे ‘बघू, बघू’ करत राहिले आणि शेवटी त्याची दाढ कोरावी लागली. त्याचं रडणं धाकटीने बाहेर बसून ऐकलं होतं. तेव्हापासून दवाखान्याचं नाव काढलं की ती पलंगाखाली शिरायची. तिला इथवर आणताना आजीच्या तोंडाला फेस आला होता.

आणि हे गृहस्थ! डॉक्टरीणबाईंनी दाढ वाळवून गालात कापूस ठेवला, तेवढ्यात यांनी नातीला विचारलं, की सशासारखी दिसतेयस, गाजर आणू का? नात हसली, जीभ फिरली, कापूस भिजला. पुन्हा धुणं, पुन्हा वाळवणं. दुसऱ्या खेपेला यांनी तोंडातून शब्द काढला नाही. नुसती कवळी पुढे सरकवून दाखवली, आणि कापूस पुन्हा भिजला.

डॉक्टरीणबाई काही चिडल्या नाहीत. पोर कंटाळलीय, म्हणाल्या. आता एकदाच करून बघू, नाही जमलं तर राहू द्या. राहू द्या म्हणजे काय, ते आजीला पक्कं ठाऊक होतं. पोरगी पुन्हा या दारात पाऊल टाकणार नव्हती. तिने नवऱ्याकडे नुसतं पाहिलं. ते मुकाट्याने बाहेरच्या बाकावर जाऊन बसले.

नातीने तोंड गच्च मिटलं. आजीने गोंजारलं, दटावलं, डोळे वटारले. ओठ हलेनात. शेवटी दातांतल्या दातांत पुटपुटली, “आजोबा.”

आजीच्या डोक्यात तिडीक गेली. समजूत आपण घालायची, रोज मागे लागून दात आपण घासून घ्यायचे, आणि ऐन वेळी हवा कोण, तर कवळी नाचवणारा. पण खाचा अजून उघड्याच होत्या. तिने दार ढकललं.

आजोबा लगबगीने उठले आणि काहीतरी बोलायला गेले.

“या, कवळीबहाद्दर,” ती म्हणाली. “तुमच्याशिवाय चालत नाही म्हणे कुणाचं. हात धरून बसा तिचा. आणि तोंड तिने उघडायचंय, तुम्ही नाही.”