काडीचोर

"मिशी पणाला लावतोस?" अबू दुरैदनं विचारलं.

"लावली!" हज्जी मुतशर म्हणाला. "आणि तू काय लावणार? तुझी तर उंदरानं कुरतडल्यासारखी आहे."

अबू दुरैदनं खिशातून माळ काढली. बापाची माळ. तेहतीस मणी, मधाच्या रंगाचे, अस्सल कहरब, म्हणजे युगानुयुगं मुरून दगड झालेली झाडाची राळ. न्हाव्याच्या दुकानातले सगळे पुढे सरकले. उस्ता हिकमतनं कात्री खाली ठेवली. तो पंच.

पैज साधी होती. सरकारी वीज सकाळपासून गेलेली. हज्जीनं गल्लीला वीज विकणारा आपला जनरेटरही बंद करायचा. आणि मग अबू दुरैदनं खिशातून कहरबा काढून दाखवायची. कहरबा म्हणजे वीज. बगदादमध्ये माणसाच्या तोंडात दिवसातून शंभरदा येणारा शब्द, त्यातला नव्वद वेळा शिवीला लागून.

खोड हज्जीनंच काढली होती. "या गल्लीत कहरबा म्हणजे मी. मशीन माझं, तारा माझ्या. शब्दसुद्धा मशीनबरोबरच आला."

"शब्द तुझ्या मशीनच्या खापरपणज्याहून म्हातारा आहे," अबू दुरैद म्हणाला. "माझ्या खिशात झोपलाय. या मण्यांना काय म्हणतात? कहरब. मग?"

"नाव सारखं म्हणून काय झालं? माझ्या साडूचं नाव सुलतान आहे. शलगम विकतो."

यावरून मिशी पणाला लागली होती. आणि मिशी साधी नव्हे. दर शुक्रवारी कलप लावून काळी केलेली. शिवाय गुरुवारी हज्जीला वीस पुरुष घेऊन पोरासाठी मागणी घालायला जायचं होतं. मागणी घालणाऱ्याची मिशी बघूनच मुलीचे काका होकाराच्या चहाचा पेला पुढे करतात, असं त्याचं ठाम मत होतं.

हज्जी स्वतः जाऊन जनरेटर बंद करून आला. दुसऱ्याचा त्याला भरवसा नव्हता. गल्लीतल्या सगळ्या खिडक्यांतून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला. दुकानातला कूलर थांबला आणि ऑगस्टची दुपार आत येऊन बसली.

अबू दुरैदनं कूलरच्या जाळीतून वाळक्या गवताची चिमूट ओढली, चुरली, आणि फळीवर पसरली. माळ हातावर खसाखसा घासली. मोठा मणी चुऱ्यावर धरला.

काही नाही.

पुन्हा घासली. पुन्हा काही नाही. त्याच्या कपाळावरून घाम गळून चुऱ्यात पडला.

"हं," हज्जी म्हणाला आणि हात पुढे केला. "आण इकडे. बापाला तुझा सलाम सांगतो."

अबू दुरैदच्या चेहऱ्यावरचं हसू पहिल्यांदाच हललं.

"घामट हातावर कोण घासतं रे, गाढवा?" दारातून आवाज आला. समोर मेंदी विकणारी बीबी फख्रिया केव्हाची डोकावत होती. "मणी आधी पूस. मग लोकरीवर घास. जोरानं!"

बाकावर समावा गावची लोकरी सतरंजी होती. अबू दुरैदनं मणी कोरडा केला आणि सतरंजीवर असा घासला की उस्ता ओरडला, "अरे, भोक पाडशील!"

मग मणी चुऱ्यावर नेला.

एक काडी थरथरली. उभी राहिली. टुणकन उडाली आणि मण्याला चिकटली. मागून दुसरी. मग चार एकदम.

सगळी डोकी फळीवर वाकली.

"ही जादू झाली!" हज्जी शुद्धीवर येत म्हणाला. "कहरबा कुठंय? पंखा फिरवून दाखव!"

"जादू तुझं डोकं," बीबी म्हणाली. "माझी आई इराणातल्या किरमानशाहची. तिच्या फारसीत काह म्हणजे गवताची काडी. रुबा म्हणजे पळवणारा. दिल पळवते ती दिलरुबा, काडी पळवतो तो काहरुबा, तुमच्या तोंडी कहरब. हा मणी. तुमच्या तारा कालच्या. त्यांच्यात हीच ओढ आहे म्हणून याचं नाव त्यांना दिलं."

उस्तानं विचार केला. "म्हणजे हज्जी, इतकी वर्षं तू आम्हाला काडीचोर पुरवतोयस."

दुकान फुटलं हसून.

"आणि तोही अर्धाच वेळ!" कुणीतरी मागून म्हणालं.

आत अंधार म्हणून खुर्ची आणि सतरंजीसकट बाक गल्लीत काढला. बायका गच्चीवर आल्या. हज्जीच्या गळ्याला पांढरा टॉवेल लागला.

"अबू दुरैद, माझ्या भावा," हज्जी हळू आवाजात म्हणाला, "गुरुवारी मी कुठल्या तोंडानं जाऊ?"

"ह्याच. फक्त जरा मोकळ्या."

"चहा नाही दिला तर?"

"मी तुझ्या शेजारी बसतो. माझ्याकडे बघितल्यावर त्यांना तू शेख वाटशील."

हज्जीनं डोळे मिटले. उस्तानं आधी कात्री घेतली. कच्, कच्, कच्. डावी बाजू टॉवेलवर उतरली, काळी, बारीक. गच्चीवरून कुणीतरी आनंदाची किलकारी दिली, लग्नात देतात तशी.

अबू दुरैदला राहवलं नाही. त्यानं मणी सतरंजीवर पुन्हा घासला आणि हळूच टॉवेलजवळ नेला.

हज्जीची मिशी उठून बसली. एकेक केस ताठ झाला आणि मण्याकडे झेपावला.

हज्जीनं एक डोळा उघडला. मग दुसरा.

"थांब," तो म्हणाला. "दे इकडे."

माळ त्यानं स्वतःच्या हातात घेतली. स्वतः घासली. स्वतः धरली. केस उडाले. त्यानं ते फुंकरीनं खाली पाडले, पुन्हा घासली, पुन्हा उडाले. गल्लीतून ओरडा सुरू झाला, "हज्जी, जनरेटर! जनरेटर लाव!" त्याला ऐकूच येत नव्हतं. तो टॉवेलवर वाकला होता, अर्ध्या मिशीचा, श्वास रोखून.

"उस्ता," मान वर न करता तो म्हणाला, "उजवी पण उतरव. हे कमी पडतायत."