दारावरचा 'डी'

किर्कब्रे गावातल्या त्या जुन्या दारावर, स्कॉटिश रिवाजाप्रमाणे, घरधनी आणि त्याच्या पत्नीची आद्याक्षरे चौकटीच्या दगडात कोरलेली होती: 'डी' आणि 'ई'. दर शनिवारी गावाच्या वारसाफेरीत गाइड डंकन ती पाहुण्यांना दाखवी, तेव्हा त्याची बायको एल्स्पेथ मागून हमखास म्हणे, "आपलंच लग्न कोरलंय की!"

आज मात्र 'ई'शेजारी 'डी'च्या जागी 'के' होता. कडा झिजलेल्या, खाचेत जुनेच शेवाळ.

डंकनने संशयाने सर्वांकडे पाहिले. करड्या कोटातला एक पाहुणा बाहीवरची दगडाची भुकटी झटकत होता.

"एल्स्पेथ, इथं 'डी' होता ना गं?"

"छे, 'के'च तर आहे," ती हसली. मग त्या पाहुण्याच्या हातात हात गुंफून तिने आदबीने विचारले, "पण गाइडसाहेब, तुम्हाला माझं नाव कसं ठाऊक?"