कावेरीचा हात

“पोरीच्या हाताचं कसं हाय वो आता? काही फरक?”

बायनाबाईनं हे सगळ्या बायकांना ऐकू जाईल अशा बेतानं विचारलं. बीडला रायफल क्लबच्या पत्र्याच्या शेडात पिस्तुलाच्या नेमबाजीची स्पर्धा चालली होती. खुर्च्यांची रांग एकच, म्हणून दिंद्रुडच्या बायनाबाईला नेकनूरच्या गंगासागरशेजारी मांडी टेकावी लागली होती. गंगासागरनं पदर सारखा केला. उत्तर समोर उभं होतं, तिची लेक कावेरी, हातात पिस्तूल घेऊन.

गेल्या उन्हाळ्यात हीच बाई लेकाला घेऊन कावेरीला बघायला आली होती. चहाचं ताट हातात असताना तिनं पोरीला उभीच ठेवली. मामाचं गाव, मठ, गुरू, सगळं खोदून विचारलं, पण कपाला हात लावला नाही. शेवटी बशीत चार थेंब सांडले. “पोरीच्या हाताला कंप हाय,” म्हणत बाई उठली, आणि येष्टी जिथं जिथं थांबते तिथं तिथं हेच सांगत गेली. पुढं जी माणसं आली ती पोरीचं तोंड बघायचीच नाहीत. हात बघायची.

मग कावेरीनं पिस्तूल धरलं. कॉलेजात एनसीसी घेणारे बबनराव हवालदार म्हणाले होते, “हात कसा हाय ते इथं कागद सांगतो, बायका न्हाई.”

पलीकडच्या जागेवर बायनाबाईचा तोच लेक, विश्वेश्वर, उभा होता. परदेशी माल देशात यायला मोकळीक मिळाली तसं बापानं त्याला जर्मनीचं पिस्तूल आणून दिलं होतं, मूठ त्याच्याच पंजाच्या मापाची. कावेरीचं क्लबातलं, सगळ्यांनी हाताळलेलं. मूठ मोठी पडायची म्हणून बबनरावांनी भुसा नि सरस थापून ती तिच्या बोटांपुरती भरून दिली होती.

कावेरीचे पहिले छर्रे काळ्या गोलाच्या कडेला गेले. एक तर गोलाबाहेर.

बबनराव मागून आले. “कुठं बघायलीस?”

“गोलाकडं.”

“गोलाकडं कावून? पिस्तुलाच्या टोकावरच्या नेमाच्या माशीकडं बघ म्हणलं न्हाई का? गोल धूसर दिसू दे.”

“आईनं सांगितलं तसं बघायले,” कावेरी हळूच म्हणाली.

सकाळी घरातून निघताना गंगासागरनं पोरीला बजावलं होतं, त्या काळ्या गोलात बायनाबाईचं तोंड बघ, आणि हाण. बबनरावांनी वळून गंगासागरकडं असं बघितलं, जसं दुकानातल्या मापात कुणी खोट पकडावी.

गंगासागर खुर्चीवरून उठली. बघणाऱ्यांपुढं बांधलेल्या दोरीपाशी गेली. बघणाऱ्यांना नेमबाजांशी बोलायची मनाई होती. तिनं फक्त डावा तळहात डोळ्यांसमोर धरला, रिकामाच, आणि त्यावर नजर लावली.

मायलेकी रोज पहाटे लिंगपूजेला बसायच्या, त्या अशाच. तळहातावर गळ्यातलं इष्टलिंग, नजर त्याच्यावर. मागं समई असते, पण ती नुसती पिवळी, पुसट. समईकडं बघितलं की हात हलतो, हे कावेरीला लहानपणापासून माहीत होतं.

कावेरीनं आईचा हात बघितला आणि ती वळली. डावा हात तिनं कमरेच्या ओढणीत खोचला. उजवा लांब केला, मनगट घट्ट. अर्धा श्वास सोडून धरला. क्षणभर थांबली, आणि छर्रा न सोडताच पिस्तूल खाली घेतलं.

“दमला वाटतं हात,” बायनाबाई म्हणाली. दोघी-तिघी हसल्या.

“बरं केलंस,” बबनराव पुटपुटले. “मनासारखं जुळंना तर उतरवायचं.”

हात पुन्हा वर गेला. बोट चापावर दाबत गेलं, इतकं सावकाश की चाप कधी सुटला ते तिचं तिलाही कळलं नाही. टक्क. गोलाच्या मधोमध भोक पडलं. पुढचा छर्रा त्याच भोकाची कड फाडून गेला. त्याच्या पुढचाही.

गंगासागरचा राग काही निवला नव्हता. तो पोरीच्या मनगटात जाऊन बसला होता, अगदी गपगार.

आता विश्वेश्वर तिरक्या डोळ्यानं तिच्या कागदाकडं बघायला लागला. बघेल तसे त्याचे छर्रे कडेकडेनं जायला लागले. पंचांनी शेवटी दोन्ही कागद वर धरले, तेव्हा शेडात कुणाला काही विचारायची गरज पडली नाही. विश्वेश्वरनं जर्मनीचं पिस्तूल पुसून पेटीत घातलं.

बायनाबाईनं खुर्ची जवळ ओढली. आवाजात साखर आली.

“इहीनबाई, झालं गेलं सोडा की. इश्वेश्वरचं अजून कुठं ठरलं न्हाई. पोरगी लई आवडली बगा मला.”

“आधी चहा तर घ्या,” गंगासागर म्हणाली.

शेडात आलेल्या किटलीतला चहा तिनं स्वतः कपात ओतला, काठोकाठ. कपबशी जवळ आलेल्या कावेरीच्या हातात दिली. कावेरीनं तोच उजवा हात लांब करून ती बायनाबाईच्या डोळ्यांसमोर धरली.

बायनाबाईनं घ्यायला हात पुढं केला.

“थांबा की वो,” गंगासागर म्हणाली. “घाई काय हाय? मागल्या खेपेला नीट बघायचं राहून गेलतं तुमचं. आधी बघून घ्या.”

बायका माना वळवून कपाकडं बघायला लागल्या. पेटी घेऊन निघालेला विश्वेश्वर दारातच थांबला. बायनाबाईनं पुढं केलेला हात हळूच मांडीवर परत नेला.

गंगासागर खुर्चीत नीट टेकून बसली.

“हां. तुमच्या मामाचं गाव कुठलं म्हणलात?” तिनं विचारलं. “आन् मठ कुठला? गुरू कोण?”

बायनाबाई एकेक सांगत गेली. कावेरीच्या हातातल्या चहावर साय धरली.

बशी कोरडी होती.